वळणाची भीती, ग्रुप राइड आणि पुढच्या गाडीचा लाल दिवा

निपाणीच्या एका मित्राने विचारलंय. बरीच वर्षं शंभर सीसीची गाडी चालवली, आता ३५० सीसीची घेतली. गावात काही अडचण नाही, एकट्याने हायवेवर गेलं तरी नाही. पण बेळगावच्या ग्रुपबरोबर गोव्याकडचा चोर्ला घाट उतरताना वळणावर हातपाय आखडतात, उजव्या वळणावर जास्तच. एकदा वळणाच्या मध्येच ब्रेक दाबला, तर गाडी उभी राहून सरळ कठड्याकडे गेली. ग्रुपमधले म्हणतात, "भ्यायलायस कशाला, वाकव की गाडी!" व्हिडिओ बघून गुडघा बाहेर काढूनही पाहिला. आता त्यांचा प्रश्न असा, की ही भीती घालवायची कशी, की ग्रुप राइडच सोडून द्यायची?

भीती घालवायच्या मागे लागू नका, असं मी म्हणेन. ती तुम्हाला खरी माहिती देतेय, की समोरचा रस्ता दिसायच्या आधीच तुम्ही फार वेगात आलाय. ती दाबून टाकलीत तर वेग तोच राहील, फक्त कळायचं बंद होईल. वळणात शिरताना तुमचा वेग ठरवतंय कोण, हे आधी बघा. तुमच्या लिहिण्यावरून मला तरी वाटतं, की तो पुढच्या गाडीचा टेल लाइट ठरवतोय. एकटे असता तेव्हा तुम्ही ठरवता, म्हणून तिथं अडचण येत नाही.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. मागे कुणी बसलं होतं का, सामान किती, टायर कोणते आणि किती जुने, महिना कुठला. शंभर सीसीच्या गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास, तर ३५० सीसीच्या गाड्या १८० ते १९५ किलोच्या. हलकी गाडी कमरेच्या झोक्यावर वळते, त्यामुळे हँडलचं आपण नक्की काय करतो याकडे वर्षानुवर्षं लक्षच जात नाही. जड गाडी तेवढ्याने वळत नाही, तिला हँडलमधून स्पष्ट सांगावं लागतं.

आता वेगाचं थोडं गणित. घाटातलं एखादं आवळ वळण २० मीटर त्रिज्येचं धरा. ते ताशी ३० किलोमीटरने घ्यायला गाडी साधारण २० अंश कलावी लागते. ४० ने घ्यायला सुमारे ३२ अंश. काट्यावर फरक फक्त दहाचा, पण कल दीडपटीच्या वर गेला, कारण वळणात लागणारी पकड वेगाच्या वर्गाने वाढते. २० अंश कुणालाही जमतात. ३२ अंशांवर बुटक्या, क्रूझर धाटणीच्या काही गाड्यांचे फूटरेस्ट रस्त्याला घासायच्या बेतात येतात आणि रस्त्यावर थोडी खडी असली तर शिल्लक पकड उरत नाही. म्हणजे 'वाकव की गाडी' या सल्ल्याऐवजी कुणी 'शिरायच्या आधी दहाने कमी कर' एवढंच सांगितलं असतं तरी तुमचं काम झालं असतं.

कठड्याकडे गाडी का गेली तेही यातच आहे. कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक अचानक दाबला की बहुतेक गाड्या सरळ उभ्या राहू बघतात, आणि उभी राहिलेली गाडी वळत नाही. मागचा ब्रेक जोरात मारला तर मागचं चाक बाहेर सरकतं. टायरकडे पकड ठराविक असते, त्यातलीच काही वळायला जाते आणि काही ब्रेकला. एबीएसवर, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेवर, इथं भिस्त ठेवू नका. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे आणि ते चांगलंच आहे, पण आपल्या नेहमीच्या गाड्यांमधलं साधं एबीएस गाडी किती कललीय ते ओळखत नाही. सरळ रस्त्यावर ते चाक अडकू देत नाही, वळणात ते तुम्हाला रस्त्यावर ठेवेलच असं नाही. म्हणून ब्रेक मारायचा तो गाडी सरळ असताना, वळणाच्या आधी. गिअरही तिथंच खाली आणायचा. वळणात शिरताना डावा हात क्लचवर असता कामा नये. शिरलं की रेस हलकी आणि एकसारखी धरायची, आणि बाहेरचा रस्ता दिसायला लागला की हळूहळू वाढवायची. वळणात ब्रेक हळूहळू सोडत शिरण्याचं तंत्र असतं, ते खरंही आहे, पण ते या सगळ्यानंतर. आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग वळणाआधी वेग किती ठेवायचा? याला आकडा नाही. पण एक कसोटी आहे, ती मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. वळणाकडे बघा. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जाऊन एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात, त्याच्या पलीकडचं दिसत नाही. तुम्ही पुढे जाताना ती जागा तुमच्याकडे झपाझप यायला लागली तर वळण आवळतंय, वेग कमी करा. ती तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वेग बरोबर आहे. ती पळायला लागली म्हणजे वळण उघडतंय, रेस द्या. आणि जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात, आपल्या अर्ध्या भागात, थांबता आलं पाहिजे. कोरड्या सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाला लक्षात येऊन थांबेपर्यंत वीसेक मीटर जातात, ६० ला चाळीसच्या आसपास. उतारावर दोन्ही वाढतात. चोर्ल्यात झाडी रस्त्याला इतकी लागून आहे की पावसाळ्यानंतर पुष्कळ वळणांवर चाळीस मीटर दिसतच नाहीत. त्या वळणाला ६० ने जाणारा तरबेज असेलही, पण पलीकडे बंद पडलेला ट्रक नाही या विश्वासावर तो चाललाय.

नजर जिथं, गाडी तिथं. हे सगळेच सांगतात, पण करताना मान वळत नाही. डोळे वळतात, हनुवटी सरळच राहते. कठड्याकडे बघत बसलात तर कठड्यावरच जाल. त्या दिवशी तुम्ही ब्रेक दाबल्यावर कुठं बघत होता ते आठवून बघा. हनुवटी वळणाच्या शेवटाकडे फिरवा, हेल्मेटसकट.

आता उजवं वळण. शिकायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना डावीकडे वळणं सोपं आणि उजवीकडे अवघड जातं, आणि मला त्याचं कारण उजव्या हातात दिसतं. थोडा वेग आला की दुचाकी वळते ती हँडल उलट दाबून. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची, डावीकडे जायचं तर डावी. ऐकायला विचित्र वाटतं, पण सायकलपासून सगळे नकळत हेच करतात. उजव्या वळणावर त्याच उजव्या हाताला रेस धरायचीय, दोन बोटं ब्रेकवर आहेत आणि वरून मूठ ढकलायचीय. माणूस घाबरला की कोपर ताठ होतं, मूठ आवळली जाते, आणि आवळलेला हात ढकलूच शकत नाही. गाडी वळत नाही, बाहेर जाते, माणूस अजून घाबरतो. उपाय म्हणजे टाकीला गुडघ्यांनी घट्ट धरा, म्हणजे शरीराचा भार हातावर येत नाही. कोपरं सैल ठेवा, वळणाआधी एकदा खांदे खाली सोडा. मग उजवी मूठ हलकेच पुढे ढकला. गाडी आपोआप आत येते. गुडघा बाहेर काढायची काही गरज नाही. तो रेसट्रॅकचा प्रकार आहे, आणि रेसट्रॅकवर समोरून गोव्याच्या कदंबची बस येत नाही.

व्हिडिओंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्यातले बरेचसे अमेरिकेतले किंवा युरोपातले असतात, तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यांचं 'डावं वळण' म्हणजे आपलं उजवं. हे लक्षात न घेता त्यांची लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायची वाट, जशीच्या तशी उचलली तर नेमकं उलट होतं. आपल्याकडे उजव्या वळणावर बाहेर गेलात तर डावीकडच्या कच्च्या पट्टीवर किंवा दरीकडे जाता. डाव्या वळणावर बाहेर गेलात तर समोरच्या ट्रकच्या तोंडात. दोन्हीकडे चूक एकच असते, फार लवकर आत वळणं. वळणाच्या आतल्या कडेला लवकर चिकटलं की शेवटी गाडी बाहेर फेकली जाते. थोडं उशिरा वळा, बाहेरच्या बाजूला राहून पुढचं नीट दिसू द्या, मग आत या.

पण इथंही पुस्तकातलं जसंच्या तसं चालत नाही. डाव्या वळणाआधी मधल्या पट्टीला अगदी लागून चाला, म्हणजे जास्त दिसेल, असं शिकवतात. आमच्या घाटांत समोरचा ट्रक वळण तोडून तुमच्या अर्ध्या भागात येणार हे धरूनच चालावं लागतं. म्हणून मी मधल्या पट्टीपासून हातभर नाही, चांगलं मीटरभर आत राहतो. उजव्या वळणावर तर आणखी एक गोम आहे. चाकं तुमच्या बाजूला असली तरी कललेलं डोकं आणि खांदा पट्टीच्या पलीकडे जातो. समोरून उसाची ट्रॉली येत असेल तर बाहेर लोंबणारी मोळी चाकांपर्यंत येत नाही, ती डोक्याच्या उंचीला येते.

उसाचा हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. नेमका तेव्हाच पाऊस संपलेला असतो आणि सगळ्यांना फिरायचं असतं. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, वळणावर अर्धा रस्ता घेऊन चाललेला. रस्त्यावर पडलेला पाला आणि चाकांबरोबर शेतातून आलेला चिखल. चंदगड, खानापूर, आंबोलीच्या जंगलपट्ट्यात गवे आहेत, पहाटे आणि दिवस मावळताना ते रस्त्यावर येतात. एक गवा ओलांडून गेला म्हणून निघू नका, मागे कळप असतो. पावसाळ्यात डोंगरातून वाहून आलेली लाल माती वळणाच्या आतल्या कडेला साचते, म्हणजे पुस्तक जिथं आत या म्हणतं नेमकी तिथं. पहिल्या पावसात तर धूळ आणि सांडलेलं तेल मिळून रस्ता साबण होतो, चार दिवस चांगला धुऊन निघेपर्यंत घाट नकोच. पांढरे पट्टे ओले असताना त्यावर गाडी कलवायची नाही.

टायरबद्दल थोडक्यात. हवा गाडी थंड असताना, कंपनीने लिहिलीय तेवढीच भरा, 'घाटाला जायचंय, थोडी जास्त मार' असं नको. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ लिहिलं असेल तर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी रबर कडक झालेलं असू शकतं. नवा टायर घातला असेल तर सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा, तो घसरतो.

सरावाला घाटात जाऊ नका. आधी शाळेचं किंवा बाजाराचं मोकळं पटांगण, खडी नसलेलं. दोन दगड ठेवून आठचा आकडा, दुसऱ्या गिअरमध्ये, मान वळवून. मग सरळ रिकाम्या रस्त्यावर ताशी तीस-चाळीसला उजवी मूठ हलकी ढकलून बघा, गाडी कुठं जाते ते एकदा अंगाला कळू द्या. मग ४० वरून पूर्ण थांबायचा सराव. पुढचा ब्रेक झटक्याने मारायचा नाही, दाबत दाबत न्यायचा. एबीएस लागल्यावर लिव्हरला जी थरथर येते तिची ओळख इथंच करून घ्या, पहिल्यांदा ती घाटात आली तर माणूस दचकून ब्रेक सोडतो. तुमच्या दारातला तवंदी घाट मात्र सरावासाठी वापरू नका. हायवे रुंद आहे, समोरून कुणी येत नाही हे खरं, पण मागून उतारावर ट्रक येतात आणि तिथं हळू चालणं हाच धोका आहे. त्यापेक्षा बेळगावला याल तेव्हा भल्या सकाळी येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ करा. छोटा आहे, वर गाडी लावून पाच मिनिटं बसता येतं आणि आत्ता काय झालं याचा विचार करता येतो. तेच वळण पुन्हा पुन्हा घेता येतं, शिकायला तेच लागतं. शंभर किलोमीटरमध्ये शंभर वेगळी वळणं घेऊन हात बसत नाही.

आता ग्रुप. इथं तुमच्या ग्रुपचंही चुकतंय, आणि हे मी ग्रुप पुढे नेणारा माणूस म्हणून बोलतोय. हळू चालणाऱ्याला शेवटी टाकायची पद्धत सगळीकडे आहे, 'तू ये आरामात मागून'. पण शेवटचा माणूस आरामात नसतोच. पुढचा वळणाला तीसवर येतो आणि वळण संपलं की साठ करतो. त्या वेळी शेवटचा अजून वळणात शिरतोय. तो बाहेर येईपर्यंत पुढचे दिसेनासे झालेले असतात. मग अंतर भरून काढायला त्याला प्रत्येक सरळ पट्ट्यात सगळ्यांपेक्षा जास्त वेग घ्यावा लागतो आणि पुढच्या वळणात तो सगळ्यांपेक्षा जास्त वेगाने शिरतो. दहा-बारा गाड्यांच्या रांगेत सर्वांत नवा माणूस सर्वांत वेगात चाललेला असतो, तो असा. तुम्ही शेवटून कितवे होता हे लिहिलं नाही, पण मी पैज लावेन.

म्हणून नव्या माणसाची जागा दुसरी, लीडच्या, म्हणजे सगळ्यांत पुढे चालणाऱ्याच्या, लगेच मागे. लीड त्याच्याकडे आरशात बघत वेग ठरवतो. शेवटी अनुभवी माणूस, ज्याला मागे राहायचं दुःख नाही आणि ज्याच्याकडे पंक्चरचं सामान आहे. सरळ रस्त्यावर आडवी-तिरकी रांग चालते, एक पट्टीच्या बाजूला, दुसरा कडेच्या बाजूला, समोरच्यापासून दोन सेकंद. ६० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे तेहतीस मीटर. घाट लागला की ती रांग मोडायची आणि एकामागे एक, अंतर तीन सेकंद किंवा जास्त, कारण वळणात प्रत्येकाला अख्खी लेन लागते. आपसात ओव्हरटेक नाही. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना प्रत्येकाने स्वतः समोर बघून ठरवायचं. पुढचा गेला म्हणून रस्ता मोकळा आहे असं नसतं, तो गेला तेव्हा मोकळा होता एवढंच.

आणि हरवायची भीती काढून टाका, कारण पाठलाग करायला लावते ती तीच. फाट्यावर लीडच्या मागचा एक जण थांबतो, शेवटचा माणूस येईपर्यंत हलत नाही. जांबोटीला थांबा, पुढे एकदम कणकुंबीला. तिकडे मोबाइलला धड रेंज नसते, त्यामुळे 'फोन कर' हा बेत चालत नाही. थांबायच्या जागा आणि फाटे निघायच्या आधीच ठरलेले असले की मागे पडलेल्या माणसाला काहीच घाई उरत नाही. दुसऱ्या जागेवर असलात तरी लीडच्या टेल लाइटकडे बघत चालायचं नाही. तो ब्रेक मारेल तिथं तुम्ही मारायचा, असं केलंत की तुमची वळणं पुन्हा त्याने घेतली. त्याच्या पलीकडचा रस्ता बघा.

ग्रुप सोडायचा का? पुढच्या राइडआधी लीडला सांगा, मला दुसऱ्या नंबरला ठेवा, घाटात मी माझ्या वेगाने येणार आहे. 'होय की, ये' म्हणाला तर चांगला ग्रुप आहे, राहा. हसला, तर दुसरा ग्रुप शोधा. बेळगावात ग्रुपला तोटा नाही.

एक राहिलं. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, पठाराच्या कडेला. कोकणात किंवा गोव्यात जायचं तर चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोड, कुठूनही गेलात तरी जाताना उतार आणि येताना चढ. उतारावर वजन पुढच्या चाकावर जातं, ब्रेक जास्त लागतो, गाडी थांबायला वेळ लागतो. चढावर रेस सोडली तरी गाडी मंदावते. म्हणजे आपल्या भागातल्या नव्या माणसाला अवघड अर्धा भाग आधी भेटतो, सोपा परतताना, दमल्यावर. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनलाच गाडी धरू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांच्या मागे राहू नका. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे.

म्हणून तुमच्यासाठी पहिली राइड चोर्ला नको आणि तिलारी तर मुळीच नको, ती वळणं फारच आवळ आणि उतार खडा. निपाणीहून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला जा. आंबोली गाव घाटाच्या माथ्यावर आहे, तिथपर्यंत वळणं आहेत पण घाट उतरावा लागत नाही. ग्रुपला पुढे सावंतवाडीला जायचं असेल तर जाऊ द्या, तुम्ही गावात चहा घ्या. जमतंय असं वाटलं तर धबधब्यापर्यंत खाली उतरा आणि तिथून वळून परत वर या, तेवढाच तुकडा, शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी. परत वर येताना उजवी वळणं कशी गेली ते मला कळवा, आणि गाडीचं मॉडेल व टायर कोणते तेही लिहा, मग ब्रेक सोडत वळणात शिरण्याबद्दल बोलू.